एलईडी दिव्यांच्या शहरात परसदारातून आकाश पाहण्यासाठी परवडणारा फिल्टर कोणता घ्यावा?

आपण लिहिले आहे की नाशिकला घराच्या परसदारी आपली 130 मिमी व्यासाची आणि 650 मिमी नाभीय अंतराची परावर्ती दुर्बीण आहे, गल्लीत आता पांढरे एलईडी दिवे लागले आहेत आणि फिल्टरसाठी चार हजार रुपये खर्च करण्याची आपली तयारी आहे. तेजोमेघ, म्हणजे अवकाशातील चमकणारे वायूचे ढग, पाहण्याची आवड असेल तर सव्वा इंची यूएचसी (तेजोमेघांचे ठरावीक रंगच आत सोडणारा) फिल्टर घ्यावा. दीर्घिका आणि तारकागुच्छ हेच पाहायचे असतील, तर कोणताच फिल्टर घेऊ नये.

फिल्टर प्रकाश वाढवत नाही, काही रंग फक्त अडवतो. मृगातील एम 42 किंवा धनू राशीतील एम 8 (एम म्हणजे मेसिए यादीतील क्रमांक) यांसारखे तेजोमेघ ठरावीक तरंगलांबींवरच उजळतात. त्यांपैकी डोळ्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या रेषा म्हणजे हायड्रोजनची 486 नॅनोमीटरची आणि ऑक्सिजनच्या 496 व 501 नॅनोमीटरच्या. अंधाराला सरावलेला डोळा 507 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतो, म्हणून निळसर-हिरव्या रंगाची ही अरुंद खिडकी मोकळी ठेवून बाकीचा बहुतेक प्रकाश अडवणारा यूएचसी आपल्या कामाचा. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकत्रित, सर्व रंगांचा प्रकाश. फिल्टर लावला की आकाशाबरोबर तीही मंदावते. देवयानी दीर्घिका, कृत्तिका किंवा शौरीतील एम 13 हा तारकागुच्छ यांच्यासाठी तेच पैसे शहराबाहेर जाण्यावर खर्च करावेत. आपल्याच राज्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे. नाशिकहून ते दूर आहे, तरी एकदा तिथल्या अंधारात उभे राहून यावे, असे मला मनापासून वाटते.

'सिटी लाइट' किंवा 'स्कायग्लो' अशा नावांनी विकले जाणारे स्वस्त, रुंद पट्ट्याचे फिल्टर मात्र टाळावेत. असाच एक निओडायमियम काचेचा फिल्टर मी पूर्वी घेतला होता. सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड, म्हणजे 589 नॅनोमीटरच्या आसपासचा भाग, तो बऱ्यापैकी अडवत असे, परंतु आमच्या रस्त्यावर एलईडी आल्यावर त्याचा उपयोग जवळजवळ संपला. फरक स्वतः पाहायचा असेल तर जुनी सीडी रात्री दिव्याकडे तिरपी धरावी. सोडियम दिव्याचे रंग तुटक पट्ट्यांत दिसतात आणि मध्ये काळ्या फटी राहतात. एलईडीचा मात्र निळ्यापासून लालपर्यंत सलग पट्टा उमटतो. सलग पट्ट्यातून नेमका नको तेवढाच प्रकाश वेगळा काढता येत नाही. यूएचसीतूनही एलईडीचा थोडा उजेड आत येतोच, त्यामुळे सोडियमच्या काळाइतकी अपेक्षा ठेवू नये. ओ-थ्री, म्हणजे ऑक्सिजनच्या त्या दोन रेषाच आत सोडणारा, फिल्टर हंसातील व्हेल तेजोमेघासाठी किंवा अभिजितजवळच्या एम 57 या कंकणाकृती तेजोमेघासाठी उत्तम असला, तरी पहिला फिल्टर म्हणून यूएचसी अधिक उपयोगी पडतो. सीएलएस नावाचे फिल्टर मुख्यतः कॅमेऱ्यासाठी असतात.

खरेदीपूर्वी आपल्या आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) तळाशी फिल्टर बसवण्याचे आटे आहेत का, ते पाहावे. आपल्या दुर्बिणीला 20 मिमीचा आयपीस लावल्यास साधारण 32 पट वर्धन आणि डोळ्यात जाणारा 4 मिमी रुंदीचा प्रकाशझोत मिळतो, यूएचसीसाठी हे उत्तम आहे. फार वर्धन वाढवले तर चित्र काळवंडते. फिल्टर आल्यावर तो लगेच आट्यांत बसवू नका. एम 42 मध्यभागी आणा, फिल्टर चिमटीत धरून आयपीस आणि डोळा यांच्या मध्ये आत-बाहेर सरकवा. फिल्टर समोर आला की भोवतालचे तारे मंदावतात, आकाश काळे पडते आणि तेजोमेघाचे पंख मागच्यापेक्षा दूरवर पसरलेले दिसतात. हा फरक जाणवला नाही, तर फिल्टर परत करावा. एम 8 साठी मे महिन्यात मध्यरात्रीनंतरची वेळ चांगली.

एक रुपयाही न लागणारा उपायही करा: शेजारच्या दिव्याचा थेट उजेड डोळ्यावर येऊ नये म्हणून दोरीवर जाड काळी चादर टाका, दुर्बिणीच्या तोंडाला काळ्या पुठ्ठ्याची नळी लावा आणि मोबाइल बाजूला ठेवून निदान वीस मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्या. माझ्या अनुभवात एवढ्यानेच फिल्टरइतका फरक पडला आहे. यांपैकी कोणत्याही फिल्टरमधून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये. पावसाळ्याआधी फिल्टर सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डबीत ठेवावा, कारण आपल्याकडच्या दमट हवेत काचेवरच्या लेपाला बुरशी लागते आणि ती पुसून जात नाही.