क्वार्टेट दोन्हींत आहे, प्रश्न त्याच्या जागेचा आहे

तुमच्या अज्ञात द्रवाच्या रेणूत ४ कार्बन, ८ हायड्रोजन आणि २ ऑक्सिजन आहेत, आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) १७४० सेमी⁻¹ च्या आसपास तीव्र पट्टा आहे आणि प्रोटॉन एनएमआरमध्ये (रेणूतील हायड्रोजनांची शिखरे दाखवणाऱ्या वर्णपटात) १.२६ ला ट्रिपलेट (तीन फाट्यांचे शिखर), २.०४ ला सिंगलेट (न फाटलेले शिखर) व ४.१२ पीपीएमला (पीपीएम हे शिखराची जागा सांगणारे एकक) क्वार्टेट (चार फाट्यांचे शिखर), ३:३:२ या प्रमाणात, दिसतात. तेव्हा तो इथाइल ॲसिटेट की मिथाइल प्रोपिओनेट, असे तुम्ही विचारले आहे. तो इथाइल ॲसिटेटच आहे.

रेणुसूत्रावरून असंतृप्ततेचा अंक (वलये आणि द्विबंध यांची एकूण संख्या) १ येतो आणि तो कार्बोनिलमध्येच (कार्बन-ऑक्सिजन द्विबंधात) खर्च होतो, त्यामुळे वलयाला किंवा कार्बन-कार्बन द्विबंधाला जागा उरत नाही. २५०० ते ३३०० दरम्यानचा रुंद पट्टा नसल्याने ब्युटिरिक आम्ल बाद होते, आणि ८ पीपीएमजवळ शिखर नसल्याने फॉर्मेट एस्टरही. आयआरकडून याहून अधिक अपेक्षा करू नये, कारण उरलेल्या दोन्ही एस्टरांचा कार्बोनिल पट्टा जवळपास एकाच ठिकाणी येतो.

तुमचा गोंधळ शिखरांच्या फाटण्यावर भिस्त ठेवल्यामुळे झाला आहे. इथाइल गट दोन्ही रेणूंत आहे आणि शेजारी हायड्रोजन नसलेला एकटा मिथाइलही दोन्हींत आहे, म्हणून ट्रिपलेट, क्वार्टेट, सिंगलेट आणि त्यांचे प्रमाण यांत काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो केमिकल शिफ्टमध्ये, म्हणजे शिखराच्या जागेत. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढत असल्याने त्याला थेट जोडलेल्या कार्बनवरील प्रोटॉन ४ पीपीएमच्या आसपास सरकतात, तर कार्बोनिलला लागून असलेले २ ते २.५ च्या दरम्यान राहतात. तुमचा क्वार्टेट ४.१२ ला आहे, म्हणजे ऑक्सिजनला इथाइल जोडलेला आहे. मिथाइल प्रोपिओनेटमध्ये सिंगलेट ३.६७ ला आणि क्वार्टेट २.३ च्या आसपास दिसला असता.

मास स्पेक्ट्रम (रेणू व त्याच्या तुकड्यांची वस्तुमाने दाखवणारा आलेख) काढता आला तर जरूर काढा. रेणुआयन (न तुटलेल्या रेणूचा आयन) दोन्हींत ८८ लाच येतो आणि इथाइल ॲसिटेटमध्ये तर तो फारच क्षीण असतो. परंतु त्यातील सर्वांत उंच शिखर ४३ ला, म्हणजे ॲसिटाइल आयनाचे असते, तर प्रोपिओनेटमध्ये ५७ चे शिखर ठळक असते.

जाता जाता एक सावधगिरी. उत्पादन शुद्ध करण्याच्या कॉलममध्ये द्रावक म्हणून इथाइल ॲसिटेट वापरले असेल आणि ते नीट उडवले नसेल, तर हीच तीन शिखरे नमुन्यात उरतात, आणि ती आपल्या उत्पादनाची समजून भलतीच रचना मांडणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो.