टोरोंटोत आईला व्हीलचेअरवरून नेता येईल असं, जमैकन म्युझिकवरचं फुकट आणि उघड्यावरचं काही आहे का?

आहे की! रेगे लेन बघा, एग्लिंटन ॲव्हेन्यू वेस्टवर ओकवूडजवळ, लिटल जमैका म्हणतात त्या भागात. तिकीट नाही, वेळेची भानगड नाही, दुकानांच्या मागची गल्ली आहे आणि तिथे एड्रियन हेल्स या कलाकाराने २०१५ मध्ये भिंतभर म्युरल काढलंय, टोरोंटोतल्या रेगेवाल्यांचं (रेगे म्हणजे जमैकातलं म्युझिक). सगळं जमिनीच्या लेव्हलला असल्यामुळे चढउतार करायला लागत नाही, फक्त बर्फाच्या दिवसांत नेऊ नका, मागच्या गल्ल्यांत व्हीलचेअर ढकलणं म्हणजे वैताग.

पण नुसता फोटो काढून परत येऊ नका हो. ७०-८०च्या दशकात या रस्त्यावर रेकॉर्डची दुकानं, स्टुडिओ असं सगळं होतं आणि जमैकाबाहेर रेगे जिथे जोरात बनायचं त्यात लंडनसोबत टोरोंटोचं नाव येतं, आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नसतं, सगळे बॉब मार्लेवरच थांबतात. जमैकातल्या स्टुडिओ वन या रेकॉर्डिंग स्टुडिओचा कीबोर्डवाला जॅकी मिटू टोरोंटोतच येऊन राहिला, हेप्टोन्स या जमैकन ग्रुपचा गायक लीरॉय सिबल्स पण ७०च्या दशकात इथे आला. जायच्या आधी आईला मिटूचं ऑर्गन ऐकवा, शब्दच नाहीत त्यामुळे भाषेचा प्रश्न येत नाही.

२०११ पासून तिथे लाइट रेलचं (शहरातल्या हलक्या रेल्वेचं) काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, त्यात बरीच जुनी दुकानं बंद पडली. जी उरलीत तिथे पॅटी (सारण भरलेली जमैकन पेस्ट्री) खा, बीफ नको असेल तर व्हेज आहे का ते आधी विचारा.