अवघड जागेचं दुखणं: जाळीविना रोबोटिक शस्त्रक्रिया

प्रश्न : आईचं (वय ६२) अंग, म्हणजे गर्भाशय, खाली सरकून बाहेर येतं. डॉक्टर जाळी (सैल अवयवांना आधार देणारी कृत्रिम जाळी) न घालता रोबोटने ऑपरेशन करू म्हणतात. यंत्राच्या हातात आईला कसं द्यायचं?

यंत्र आपणहून एक टाकाही घालत नाही. सर्जन त्याच खोलीत कन्सोलवर, म्हणजे यंत्राच्या नियंत्रण-टेबलाशी, बसून ते चालवतात. पोटावरच्या बारीक छिद्रांतून मनगटासारखी वळणारी अवजारं आत जातात, त्यामुळे ओटीपोटाच्या अरुंद, खोल जागेत टाके घालणं सोपं होतं. गर्भाशयाला मागे माकडहाडाच्या वरच्या हाडाकडे धरून ठेवणारे दोन बंध असतात. गर्भाशय काढल्यावर योनीचा वरचा भाग या बंधांना टाक्यांनी बांधतात. मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी, दोन्ही बाजूंना तिथून अगदी जवळून जाते. टाका जरा ओढला गेला तरी ती मुडपते. म्हणून मी शेवटी मूत्राशयात दुर्बीण घालतेच. दोन्ही बाजूंनी लघवीची धार उडताना दिसली, की जीव भांड्यात पडतो. तुमचे डॉक्टर ही तपासणी करतात का, जरूर विचारा.

प्रश्न : जाळीवर बंदी आली आहे ना?

सरसकट नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) एप्रिल २०१९ मध्ये या दुखण्यासाठी योनीमार्गे बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवली. जाळी योनीत उघडी पडणं, दुखणं अशा तक्रारी होत्या. पोटातून बसवायची जाळी आजही वापरतात. तिच्या मानाने, स्वतःच्या बंधांवर केलेली दुरुस्ती पुन्हा सैल पडण्याची शक्यता जास्त असते, हेही आईंना आधीच सांगा. जाळीविना काम मात्र आपल्याकडे जुनं आहे. मुंबईचे डॉ. बी. एन. पुरंदरे रुग्णाच्याच पोटाच्या स्नायूंवरील आवरणाच्या पट्ट्यांनी गर्भाशयाचं तोंड वर बांधत.

प्रश्न : रोबोटचा खर्च झेपणार नाही. मग?

मग योनीमार्गे टाके घालून दुरुस्ती करा. पोटावर छेद नाही, खर्च कमी, आणि बऱ्याच जणींना तीच योग्य. रोबोटसाठी पैसे साठवत वर्षानुवर्षं अंग बोटाने आत ढकलत राहू नका. ऑपरेशन नकोच असेल, तर पेसरी म्हणजे आत बसवायची रिंग आहे.

प्रश्न : नंतर शेतात कधी जाऊ?

निदान सहा आठवडे कळशी, भारा, नातवंड, काहीच उचलायचं नाही. बद्धकोष्ठता आणि जुना खोकला आधी बरा करून घ्या. घरचे ऐकत नसतील, तर तपासणीला मिस्टरांना सोबत आणा. त्यांना मी समजावते.