वाचक विचारतात : युरोपातील माणसे खरोखर कमी झाली का?

प्रश्न : १९५० साली जगातील दर पाच माणसांपैकी किमान एक युरोपात राहत होता, आज हे प्रमाण अकरांत एक इतके खाली आल्याचे वाचले. युरोपची लोकसंख्या इतकी घटली, की तेथील लोक अन्यत्र गेले?

उत्तर : दोन्ही नाही. १९५० मध्ये सुमारे ५५ कोटी असलेली युरोपची लोकसंख्या आज ७४ कोटींच्या आसपास आहे. मात्र याच काळात जगाची लोकसंख्या २५० कोटींवरून ८०० कोटींपलीकडे गेली आणि आफ्रिकेची सुमारे २३ कोटींवरून १५० कोटींवर पोहोचली, त्यामुळे युरोपचा वाटा आक्रसला.

हा बदल समजून घेताना १९५० हे आरंभवर्ष धरणेच मला अपुरे वाटते. आधी मृत्युदर घटतो, जन्मदर त्यामागून काही दशकांनी उतरतो आणि मधल्या काळात लोकसंख्या झपाट्याने वाढते. युरोपात हा टप्पा एकोणिसाव्या शतकात आला. म्हणूनच कोट्यवधी लोक अमेरिका खंडांत जाऊनही १९०० च्या सुमारास जगातील जवळजवळ एक चतुर्थांश माणसे युरोपात होती. याउलट, अटलांटिकपलीकडच्या गुलामांच्या व्यापारात सव्वा कोटीच्या आसपास माणसे गमावलेल्या आफ्रिकेचा वाटा १७५० च्या सुमारास अंदाजे १३ टक्के होता, तो १९०० पर्यंत ८ टक्क्यांवर आला. आज तो १८ टक्क्यांहून अधिक आहे. आफ्रिकेच्या या वाढीकडे केवळ संकट म्हणून पाहणारे लेखन हा इतिहास वगळते, हे मला अन्यायाचे वाटते.

आशियात आजही जगातील निम्म्याहून अधिक माणसे आहेत. पण चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटते आहे आणि २०२३ मध्ये भारताने तिला मागे टाकले.

प्रश्न : मग हा कल पुढेही टिकेल का?

उत्तर : बराच काळ टिकेल. आफ्रिकेतील निम्मी लोकसंख्या सुमारे १९ वर्षांखालील आहे, तर युरोपात हेच मध्यवय ४२ च्या घरात आहे. त्यामुळे आफ्रिकेत प्रत्येक स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची संख्या कमी होत असली, तरी आई होण्याच्या वयात येणाऱ्या मुलीच इतक्या आहेत की एकूण जन्म लवकर घटणार नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार २१०० मध्ये जगातील एक तृतीयांशाहून अधिक लोक आफ्रिकेत असतील. हा आकडा किती खाली येईल, हे मुलींच्या शिक्षणावर आणि बालमृत्यू किती लवकर कमी होतात यावर पुष्कळसे अवलंबून आहे.