आई-वडील कमी शिकलेले असतील तर सातवीतल्या मुलाला अभ्यासाची पद्धत जमेल का?

आपण विचारले आहे की, आई-वडिलांचे शिक्षण जेमतेम आणि शाळाही साधारण असेल, तर सातवीतला मुलगा स्वतःचा स्वतः अभ्यास करायला शिकेल का. मी बरीच वर्षे सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवत आहे आणि माझे उत्तर ‘हो’ असे आहे. मात्र पार्श्वभूमीने काही फरक पडत नाही, असे मी म्हणणार नाही.

अमेरिकेत १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीचा अहवाल आला, तेव्हा शाळांच्या सोयी-साधनांतील फरकापेक्षा घरच्या परिस्थितीतील फरकाचा मुलांच्या गुणांशी अधिक घट्ट संबंध आढळला. पुढे १९८३ मध्ये स्टीफन हेनमन आणि विल्यम लॉक्सली यांनी अनेक देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा गरीब देशांमध्ये शाळा आणि शिक्षक यांच्या दर्जाचा वाटा तुलनेने बराच मोठा असल्याचे त्यांना दिसले. पहिला निष्कर्ष सर्वत्र सांगितला जातो आणि दुसरा मागे राहतो, याचे मला वाईट वाटते, कारण त्यामुळे पालक हताश होतात आणि शाळांची जबाबदारी हलकी होते.

सहावीच्या सुमारास विषय वाढतात, प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक येतात आणि कोणता अभ्यास कधी करायचा हे मुलाने स्वतः ठरवावे, अशी अपेक्षा धरली जाते. पण ते कसे ठरवायचे, हे शिकवणारा तास वेळापत्रकात बहुधा नसतो. शिकलेल्या घरातील मुलाला ते नकळत घरी मिळते. “तुला नेमके काय कळले नाही?” असे त्याला कोणीतरी विचारते आणि न कळलेल्या गोष्टीचेही तुकडे करता येतात, हे त्याच्या लक्षात येते. इतर घरांत प्रश्न असतो, “अभ्यास झाला का?” आणि त्याचे उत्तर नेहमीच “झाला” असे येते.

माझ्या वर्गातील एका मुलाने विज्ञानाच्या धड्याचे पान जवळजवळ पूर्ण पिवळे रंगवले होते. पुस्तक मिटून सांगायला लावले, तेव्हा तो दोन वाक्यांनंतर थांबला आणि रडवेला होऊन म्हणाला, “सर, चार वेळा वाचलंय.” तो खोटे बोलत नव्हता. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्याने पाहिले तेव्हा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. वाचलेले ओळखीचे वाटते म्हणून मूल फसते, आणि ही फसगत दाखवून देणारे कोणी जवळ नसेल तर ते स्वतःलाच ‘ढ’ समजू लागते.

ही फसगत दाखवून द्यायला पदवी लागत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईला वाचता येत नव्हते, पण ती काम करता करता रोज लेकीकडून धडा ऐकायची. मुळे पाणी शोषतात, असे मुलीने सांगितल्यावर आईने विचारले, “मग ते पार शेंड्यापर्यंत चढतं कसं?” मुलीला उत्तर देता आले नाही, दुसऱ्या दिवशी तिने तोच प्रश्न वर्गात विचारला आणि तो पूर्ण तास आम्ही त्यावरच घालवला.

अर्थात, असा प्रश्न विचारण्याची मुभा वर्गात असायला हवी. जिथे तयार उत्तरे फळ्यावरून उतरवून घेतली जातात, तिथे हुशार मुलेही केवळ उतरवायला शिकतात. पालकांच्या मदतीशिवाय पूर्णच होणार नाहीत असे प्रकल्प घरी देण्याला तर माझा ठाम विरोध आहे, कारण त्यात गुण मुलाला नव्हे, त्याच्या घराला मिळतात.

आपण रोज दहा मिनिटे पुस्तक स्वतःच्या हातात घ्या, मुलाला न बघता सांगू द्या आणि तो जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करा. अडखळणे ऐकू येते, त्यासाठी विषय येण्याची गरज नाही. पालकसभेला जाताना त्या खुणा केलेले पुस्तक सोबत न्या आणि गुणांविषयी बोलण्याआधी ते शिक्षकांसमोर उघडा.