फोनवरची पहिली मुलाखत: एवढं सांभाळ

भावा, पहिलाच फोन-इंटरव्ह्यू आहे म्हणतोस, तर आधी जागा ठरव. कोल्हापुरात रंकाळा तलावावर वारा माईकमध्ये घुसतो, महाद्वार रोडवर हॉर्न. घरातली खोलीच बरी. पंखा बारीक कर, दार लावून घे. स्पीकरवर बोलू नकोस, आवाज घुमतो. कॉल वेटिंग सेटिंगमधून बंद कर, नाहीतर मध्येच टूं-टूं वाजून वाक्य तुटतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो "स्वतःबद्दल सांगा" इथं. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे उत्तर लांबलंय हे कळतच नाही. दीड मिनिटात आटप: शिक्षण, केलेलं काम, हीच जागा का. शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवायच्या कारखान्यात, ट्रेनी होतास तर "क्वालिटीत होतो" एवढ्यावर थांबू नकोस. कुठलं कास्टिंग (ओतीव भाग) तपासायचास, व्हर्निअरनं (बारीक माप घ्यायच्या साधनानं) काय मोजायचास, रिजेक्शन कशानं यायचं, ते सांग. उत्तरं पूर्ण लिहून वाचू नकोस, आवाजावरून लगेच ओळखू येतं. कागदावर नुसते मुद्दे.

बाकीचं:
- बायोडेटा, जाहिरात, पेन समोर ठेव.
- प्रश्न संपल्यावर क्षणभर थांब. फोनवर आवाज किंचित उशिरा पोचतो, मग दोघं एकदम बोलता.
- नीट ऐकू आलं नाही तर अंदाजानं ठोकू नकोस. "सर, परत सांगाल का?" म्हण.
- केएमटी बसमध्ये असताना अचानक फोन आला, तर "अर्ध्या तासानं बोललं तर चालेल का?" असं सरळ विचार.

पगाराची घासाघीस आत्ता नको. पुढची फेरी कधी आणि कुठं, तेवढं विचारून लिहून घे.