परदेशात जाऊन हॉटेल धंद्यात मोठी झालेली कोणती चिनी व्यक्ती तुम्हाला आठवते?

माझ्यासाठी एकच नाव, सिसिलिया चिआंग. ऑक्टोबर 2020 मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत वारल्या. त्यांनी चालवलं ते रेस्टॉरंट, राहायच्या खोल्यांचं हॉटेल नाही, पण आपल्याकडे हॉटेल म्हटलं की दोन्ही आलं. मी याच लाइनमध्ये आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की या बाईंना स्वयंपाक येत नव्हता. बीजिंगमधलं गडगंज श्रीमंत घर, बारा भावंडं, पन्नासेक खोल्यांचा वाडा, कामाला आचारी, आणि मुलींनी स्वयंपाकघरात जायचं नाही असा दंडक. पण रोज पानात येणार ते उत्तमच, त्यामुळे जीभ तयार झाली. मग जपान्यांनी बीजिंग घेतलं, घराचे हाल सुरू झाले आणि 1942 मध्ये त्या आणि एक बहीण अशा दोघी पायी चोंगचिंगकडे, म्हणजे जपान्यांच्या ताब्यात नसलेल्या नैऋत्य चीनमधल्या शहराकडे, निघाल्या. हजारेक मैल, महिनोन् महिने चालणं, कपड्यांत शिवलेली सोन्याची नाणी, वाटेत सैनिकांनी लुटलं ते वेगळंच. पुढे लग्न, मुलं, आणि 1949 मध्ये कम्युनिस्ट शांघायला पोचायच्या बेतात असताना टोकियोला पळावं लागलं, तेव्हा तिकिटं तीनच मिळाली म्हणून नवरा-बायको आणि मुलगी गेले आणि लहान मुलाला मावशीकडे ठेवावं लागलं. मुलगा परत भेटला पण मध्ये बराच काळ गेला. टोकियोत ओळखीच्यांबरोबर चायनीज रेस्टॉरंट काढलं आणि ते चांगलं चाललं.

अमेरिकेत मात्र त्या धंदा करायला गेल्याच नव्हत्या. 1960 मध्ये बहिणीचा नवरा वारला म्हणून तिला भेटायला सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या, तिथे टोकियोच्या ओळखीतले दोघं रेस्टॉरंट काढणार होते, त्यांच्यासाठी यांनी जागेचं 10,000 डॉलर डिपॉझिट भरलं, आणि ते दोघं ऐनवेळी मागे हटले. मालक पैसे परत देईना. दुसरं कोणी असतं तर कोर्टात गेलं असतं किंवा रडत परत आलं असतं, यांनी ठरवलं की मग मीच चालवते. पोल्क स्ट्रीटवर 'द मँडरिन' सुरू झालं, साधारण 65 सीटचं. इंग्रजी जेमतेम. चायनाटाऊनमधले व्यापारी कँटोनीज म्हणजे दक्षिण चीनची बोली बोलणारे, त्यांना या उत्तरेकडच्या बाई परक्याच, उधारी द्यायला कोणी तयार नाही, सगळा माल रोख घ्यायचा. हॉटेल चालवलेल्या माणसालाच कळेल की नव्या धंद्यात उधारी नसणं म्हणजे काय.

त्या काळी अमेरिकेत चायनीज म्हणजे चॉप सुई, चाउमीन, एग फू यंग, स्वस्त आणि पोटभर, बस. बाईंनी हे मेन्यूवर ठेवायलाच नकार दिला. पॉटस्टिकर (मोमोसारखे, पण तव्यावर खरपूस केलेले), दोनदा शिजवलेलं सिचुआन पोर्क, चहाच्या धुरावरचं बदक असले पदार्थ ठेवले, सुरुवातीला मेन्यूत 200 पदार्थ! हे मला पटत नाही, एवढ्या मेन्यूत माल वाया जातो आणि किचनचा जीव जातो. पण गिऱ्हाइकाला काय आवडेल हेच माहीत नसताना त्यांनी दुसरं काय करायचं होतं. उत्तर चीनमधल्या शांटुंगकडचं एक आचारी जोडपं मिळालं तेव्हा गाडी रुळावर आली. मग हर्ब केन नावाच्या तिथल्या गाजलेल्या वर्तमानपत्री स्तंभलेखकाने दोन ओळी चांगल्या लिहिल्या आणि फोन थांबेना.

आमच्या भाषेत ज्याला फ्रंट ऑफ हाउस म्हणतात ना, ती खरी त्यांची जागा. झकास कपडे करून दारात स्वतः उभ्या, टेबलाटेबलावर जाऊन हे खाऊन बघा ते खाऊन बघा, कोणाला काय लागतं हे ध्यानात. 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतच घिरार्डेली स्क्वेअरला 300 सीटच्या जागेत गेल्या, तिथे तर चायनीज हॉटेल म्हणजे अस्वच्छ असा समज असल्यामुळे जागा मिळवायलाही झगडावं लागलं. आत लाल-सोनेरी ड्रॅगनचा भपका त्यांना नकोच होता, जागा देखणी पण शांत हवी होती. पुढे लॉस एंजेलिसजवळ बेव्हर्ली हिल्सलाही शाखा काढली. 1991 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचं मँडरिन विकलं तरी नव्वदीतही नवे शेफ त्यांना सल्ला विचारायला यायचे, आणि 2013 मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा, म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या लाइनमधला सगळ्यात मानाचा, जीवनगौरव मिळाला. मला विचाराल तर फार उशिरा मिळाला.

शांघाय सोडताना मावशीकडे ठेवलेला तो मुलगा म्हणजे फिलिप. त्याने नंतर बेव्हर्ली हिल्सचं मँडरिन सांभाळलं आणि 1993 मध्ये पॉल फ्लेमिंगबरोबर पी. एफ. चँग्ज ही चेन काढली. तुमचे नातेवाईक अमेरिकेत असतील तर त्यांनी कुठल्या तरी मॉलमध्ये तिथे नक्की जेवण केलं असणार, एकदा विचारून बघा.